एलडीएलच्या आकड्यापलीकडे

बुटीबोरी एमआयडीसीतल्या कामगाराच्या हाती रक्ततपासणीचा कागद आला की नजर आधी एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते. १४० दिसला की धास्ती, ९५ दिसला की निर्धास्त. पण स्टॅटिनची गोळी कोणाला हवी, हे हा आकडा एकटा ठरवू शकत नाही. जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७०च्या दशकात एका बुरशीत या औषधाचं मूळ सापडलं. ते यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कॅन्डिनेव्हियन चाचणीत त्यामुळे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की एलडीएल डेसिलिटरमागे ३९ मिलिग्रॅमनी उतरलं की हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके साधारण एक पंचमांशाने कमी होतात.

हा पंचमांश कशाचा, यावर सगळं अवलंबून आहे. पन्नाशीचे, मधुमेह आणि बीपी असलेले, दिवसभर तंबाखूचा खर्रा तोंडात धरणारे हजार जण घ्या. त्यांतल्या दोनशेंना दहा वर्षांत झटका येणार असेल, तर गोळीने चाळीस वाचतील. निर्व्यसनी, तिशीतल्या हजारांत वीसच झटके येणार असतील, तर वाचतील चार. एलडीएल दोघांचं सारखं असू शकतं! म्हणून पहिल्याला ११० वरही गोळी लागते आणि दुसऱ्याला १४० वर बहुधा लागत नाही. (१९० च्या वर मात्र गोष्ट वेगळी, तिथे दोष अनेकदा आनुवंशिक असतो.) खर्ऱ्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका दुपटीहून जास्त आढळला, आणि दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी. गोळी घेऊन खर्रा चालू ठेवला, तर तो धोका तसाच राहतो.

गोळीने अंग दुखतं, ही तक्रार खोटी नाही. पण २०२२च्या एकत्रित विश्लेषणात अशा ९० टक्क्यांहून अधिक तक्रारींचं कारण औषध नव्हतं, नुसती साखरेची गोळी घेणारेही जवळपास तितकेच कण्हत होते. मधुमेहाचा धोका थोडा वाढतो, तो मुख्यतः उंबरठ्यावर असलेल्यांना, आणि झटक्यापासूनचं संरक्षण त्याहून मोठं असतं. कंपन्यांचा नफा म्हणाल, तर अटोर्व्हास्टॅटिनचं पेटंट केव्हाच संपलं; ते आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मला खरी काळजी वेगळीच वाटते. रिपोर्ट नॉर्मल आला की माणसं गोळी सोडतात. तो नॉर्मल आलेला असतो गोळीमुळे, आणि ती थांबवल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल पुन्हा जुन्या जागी जातं.