वऱ्हाडच्या काळ्या पाषाणांतील बुजलेलीं तळीं

अमरावती-अकोल्याकडे विहीर खणतांना काळी माती संपली कीं मुरूम लागतो, आणि मुरुमाखालीं काळा पाषाण. तो फोडतां फोडतां कधीं कधीं मध्येंच एक निराळा थर निघतो. हा थर तांबडा, विटेसारखा असला तर ती जुन्या जमिनीची लाव्हारसानें भाजलेली माती होय. परंतु तो फिकट, राखाडी किंवा हिरवट चिकणमातीचा असला, अथवा गारेसारखा कठीण असून त्यांत गोगलगाईचे शंख दिसत असले, तर तेथें एके काळीं तळें होतें असें समजण्यास हरकत नाहीं. खणणारा तो थर उपसून धुऱ्यावर टाकून देतो. पाण्याच्या आशेनें खालीं उतरलेल्या माणसाला शंखांशीं काय कर्तव्य? तथापि सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं महासरट, म्हणजे डायनोसॉर, कसे नाहींसे झाले आणि सस्तन प्राणी कसे तगले, या प्रश्नाचा कांहीं पुरावा अशाच टाकून दिलेल्या मातींत असतो.

दख्खनचा पाषाण एका दिवसांत सांचलेला नाहीं. आज तो सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे, आणि तो पोळीवर पोळी ठेवावी तसा थरांवर थर चढून झालेला आहे. जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस वर येई, सखल भागांत पसरे व थंड होई. पुढचा लोंढा येईपर्यंत कधीं कधीं हजारों वर्षें जात. मधल्या काळांत पाऊस पडे, नव्या दगडानें अडविलेल्या ओढ्यांचीं तळीं होत, कांठीं ताडासारखीं झाडें वाढत, आणि पाण्यांत मासे, बेडूक, कांसवें व मगरी नांदत. मग दुसरा लोंढा येऊन सर्वांवर झांकण पडे. भूशास्त्रज्ञ या गाळास आंतरस्तर म्हणतात. मुंबईस वरळीच्या टेकडींत सांपडलेल्या चिमुकल्या बेडकांचे सांगाडे अशाच एका आंतरस्तरांतले. रिचर्ड ओवेन यांनीं त्यांचें वर्णन १८४७ सालीं प्रसिद्ध केलें.

विदर्भांत या तळ्यांकडे लक्ष वेधलें तें स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानें. १८४५ सालीं ते नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा हीं त्यांचीं कामें, परंतु वाटेनें जातांना दगड उचलून पाहण्याची त्यांची खोड कधीं सुटली नाहीं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनीं नागपूरजवळील टाकळी येथील आंतरस्तर तपासले. तेथील शंखशिंपले, मासे व वनस्पति यांची हकीकत लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं छापली गेली. १८६३ च्या सप्टेंबरांत, टाकळघाटच्या प्राचीन शिळावर्तुळांकडून परततांना, पूर आलेल्या ओढ्यांत बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचें नांव सर्वांस ठाऊक असतें. त्या नांवाचा माणूस कसल्या छंदापायीं उन्हातान्हांत हिंडे, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें.

आंतरस्तरांच्याही तळाशीं, म्हणजे लाव्हारसाच्या अगदीं पहिल्या लोंढ्याखालीं, आणखी एक जुना गाळ आहे. जबलपूरजवळ नर्मदेवरील लामेटा घाटावरून त्यास लामेटा थर म्हणतात. वऱ्हाडांत तो बहुतेक ठिकाणीं पाषाणाखालीं गाडलेला आहे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशीं गाविलगड प्रस्तरभंगाच्या रेषेवर खालचे खडक वर उचलले गेले आहेत, आणि मोर्शी तालुक्यांत सालबर्डी येथें तो थर उघडा पडला आहे. महाशिवरात्रीस महादेवाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू या खडकांजवळूनच जातो. येथील महासरटाच्या पुढल्या पायाच्या एका हाडाची माहिती अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केली, आणि २०१५ सालीं अंड्यांच्या घरट्याची. अंडीं गोल, जाड कवचाचीं आहेत. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉर नांवाच्या महासरटांचीं तीं असावींत, असें अशा अंड्यांविषयीं मानलें जातें.

येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा पाहून, येथें पूर्वीं समुद्र होता व महासरट त्याच्या कांठीं फिरत, असें सांगणारे लोक भेटतात. पूर्णेचा गाळ पाषाणाच्या वर आहे, आणि महासरटांच्या मानानें तो कालपरवांचा. त्याच्या खारटपणाचा या तळ्यांशीं कांहीं संबंध नाहीं.

लामेटा काळांतील जीवसृष्टि अधिक चांगली दिसते ती पूर्वेस, चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याकडील पिसदुरा व डोंगरगांव येथें. डोंगरगांवच्या टायटॅनोसॉरचा सांगाडा १९९७ सालीं वर्णिला गेला. पुढें त्यास ‘इसिसॉरस’ हें नांव मिळालें. पिसदुऱ्याच्या शेतांत कांसवांचे अवशेष आढळले, आणि त्यांजबरोबर दगड झालेली विष्ठाही विपुल मिळाली. वाचकांनीं नाक मुरडूं नये. हाडांनीं जें सांगितलें नाहीं तें या विष्ठेनें सांगितलें आहे. गवताच्या पात्यांत गारेचे अतिसूक्ष्म कण असतात. पातें बोटास कापतें तें त्यांच्यामुळेंच. पान कुजलें तरी हे कण नाश पावत नाहींत. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांना २००५ सालीं पिसदुऱ्याच्या विष्ठेंत गवताच्या निदान पांच प्रकारांचे कण ओळखतां आले. तोंपर्यंत गवत हें महासरटांच्या मागून पसरलें अशीच सर्वसाधारण समजूत होती.

आतां सस्तन प्राण्यांकडे वळूं. महासरटाचें हाड नांगराच्या फाळाला लागतें, पण त्या काळच्या सस्तन प्राण्याचा दांत मोहरीच्या दाण्याएवढा. तो शोधावयाचा तर आंतरस्तराची माती वाळवून, पाण्यांत विरघळवून, बारीक चाळणींतून गाळून, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखालीं कणाकणानें निवडावा लागतो. या रीतीनें तेलंगणांतील नस्कल येथें एका चिचुंदरीएवढ्या प्राण्याचे दांत मिळाले. १९८८ सालीं त्याचें ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’ असें बारसें झालें, आणि नागपूरच्या मिशनऱ्याचें नांव अशा रीतीनें एका सस्तन प्राण्यास मिळालें. पुढें त्याच्या घोट्याचीं हाडें मिळालीं. तीं झाडावर चढणाऱ्या प्राण्याचीं आहेत. त्याच काळचा दुसरा एक प्राणी, ‘भारतथेरियम’, याच्या दाढा मात्र उंच आहेत. बेळगांव जिल्ह्यांतील गोकाकच्या आंतरस्तरांतही या कुळाची दाढ मिळाली आहे. उंच दाढ म्हणजे झिजविणारें खाणें, आणि गवताइतकें दांत झिजविणारें खाणें थोडें. पिसदुऱ्याचे गवताचे कण आणि या दाढा यांचा मेळ घालून, हे प्राणी गवत खात असावेत असा तर्क केला गेला आहे. तर्कच, पण त्यास आधार आहे.

मुख्य प्रश्न उरतो तो महासरटांच्या अंताचा. मेक्सिकोंत कोसळलेला अशनि आणि दख्खनचा लाव्हारस, दोहोंवरही आरोप आहे. कच्छांत अंजार येथें महासरटांचीं हाडें व अंड्यांचीं कवचें दोन लोंढ्यांमधल्या थरांत आढळलीं. म्हणजे पहिल्या लाव्हारसानें तरी ते संपले नव्हते. मग पुढच्या कोणत्या लोंढ्यानंतर ते दिसेनासे होतात, आणि त्याच थरांत चिचुंदरीएवढे प्राणी राहतात काय? याचा निर्णय एका मोठ्या सांगाड्यावर होणार नाहीं. त्यासाठीं एकावर एक असलेल्या अनेक तळ्यांची माती चाळावी लागेल, आणि प्रत्येक मूठ कोणत्या थरांतली, किती खोलीवरची, याची नोंद लागेल. धुऱ्यावर टाकलेल्या ढिगाची अशी नोंद कोणी ठेवीत नाहीं. त्यांतील गार रस्त्याच्या गिट्टींत जाते, आणि चिकणमाती पावसाळ्यांत विरघळून कपाशीच्या रानांत मिसळते.