सक्करदऱ्यातून जर्मन मुलाखतीकडे

सक्करदरा चौकातल्या एखाद्या दुकानात माणूस नेमायचा असेल, तर आजही रीतसर मुलाखत बहुधा होत नाही. “घर माहितीतले आहे, मुलगा सरळ आहे,” एवढे ओळखीच्या गृहस्थाने सांगितले की काम झाले. खरी पारख पुढच्या सहा महिन्यांत गल्ल्याशेजारी होते. या व्यवहारात उमेदवाराने स्वतःविषयी बोलायचे नसते. त्याच्याविषयी दुसऱ्याने बोलायचे असते. अशा वातावरणात वाढलेली एखादी मुलगी परिचर्येचे शिक्षण घेते, चार वर्षे वॉर्डात राबते आणि एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर जर्मन रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांसमोर बसते. तेव्हा तिचे नेमके कुठे अडते, हे पालकांनी समजून घ्यावयास हवे.

ही संधी आता दूरची राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. पथदर्शी टप्प्यात १० हजार जणांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परिचारिकांपासून वीजतंत्र्यांपर्यंत अनेक व्यवसाय त्यात आहेत. जर्मन भाषेची पातळी हा पहिला अडसर. परिचारिकेला तेथील मान्यतेसाठी बहुधा बी-२ पातळी लागते. त्यासाठी मुले वर्ग लावतात, पैसे खर्च करतात. मुलाखतीच्या रीतीकडे मात्र घरचे आणि उमेदवार, दोघांचेही दुर्लक्ष होते.

समजा, प्रश्न आला : रात्रपाळीत रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली, तेव्हा तुम्ही काय केले? आपली मुलगी उत्तर देते, “आम्ही सर्वांनी मिळून सांभाळले.” आपल्याकडे हा विनय ठरतो. समोरच्या जर्मन अधिकाऱ्याला मात्र हिने स्वतः काय केले, हेच कळत नाही. ३० खाटांचा वॉर्ड होता, रात्री दोघीच होतो, मी रक्तदाब मोजला, नोंद केली, डॉक्टरांना बोलावले, असे क्रमाने सांगितलेले त्यांना हवे असते. यात आपल्याच तोंडाने आपली स्तुती नाही. रोकड ज्याने मोजली, त्याने खाली सही करावी, इतकाच हा प्रकार आहे.

उणिवा विचारल्यावर “मी अतिकष्ट करते” हे पाठ केलेले उत्तर कोणालाच फसवत नाही. अमुक यंत्र हाताळलेले नाही, शिकायला थोडा अवधी लागेल, हे सांगणे श्रेयस्कर. होकार देताना मान डाव्या-उजव्या बाजूला डोलावण्याची आपली सवय तेथे नकार समजली जाऊ शकते. प्रत्येक वाक्याला ‘सर’ म्हणण्याऐवजी हेर किंवा फ्राउ लावून आडनावाने संबोधावे. शेवटी “तुमचे काही प्रश्न?” असे विचारतात, तेथे गप्प राहणे म्हणजे अनास्था. पाळ्या, निवास, सुरुवातीचे प्रशिक्षण यांविषयी अवश्य विचारावे.

कागदपत्रांचे महत्त्व आपल्याकडे कमी लेखले जाते. जर्मनीत नोकरी सोडताना कामाचे सविस्तर प्रमाणपत्र मागणे हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याची भाषा सद्भावनेची असावी लागते. त्यामुळे तिच्यात एक गमतीदार सांकेतिकता आली आहे : ‘सदैव पूर्णतम समाधान’ म्हणजे उत्तम, तर नुसते ‘समाधान’ म्हणजे जेमतेम. “सदर व्यक्तीने आमच्याकडे काम केले आहे” हे आपले एका ओळीचे पत्र अशा वाचकासमोर फारच दुबळे दिसते. म्हणून उमेदवाराने विभाग, कालावधी, कामे यांसह पत्र लिहून देण्याची विनंती वेळीच करावी.

आपल्याकडे वडील काय करतात, लग्न कधी करणार, हे सहज विचारले जाते. तेथे २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर धर्म, विवाह, मातृत्व यांविषयीचे प्रश्न सर्वसाधारणपणे वर्ज्य आहेत. मग आपणच बायोडेटात जात-गोत्र आणि भावंडांची माहिती कशासाठी लिहावी?

पगाराचा प्रश्नही संकोचाचा. अपेक्षा विचारल्यास ढोबळ, म्हणजे ‘ब्रुटो’ आकडा सांगण्याची पद्धत आहे. कर, निवृत्तिवेतन व आरोग्यविमा वजा होऊन हाती ‘नेटो’ येते. एकट्या व्यक्तीच्या बाबतीत कपात सुमारे एक तृतीयांश असू शकते. ब्रुटोला रुपयांत गुणून घरभर आनंद वाटणाऱ्या पालकांनी हा हिशेब आधी मांडावा.

वेळेचेही तसेच. जर्मनीतील सकाळचे १० म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. दहा मिनिटे आधी तयार बसावे, दूरध्वनी बंद ठेवावा. काळजीपोटी वडील शेजारी बसू पाहतात. त्यांनी बाहेरच्या खोलीत थांबावे. पडद्याआडून कुजबुजलेले उत्तर मायक्रोफोन अचूक टिपतो.