कागदावरचा एक मिलिमीटर

बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी इंजिनिअर आणि मिस्त्री एक भला मोठा कागद पसरून त्यावर ओणवे झालेले तुम्ही पाहिले असतील. हा कागद म्हणजे इमारतीचा नकाशा. त्याला पुष्कळ जण आजही ‘ब्लू प्रिंट’ म्हणतात. १८४२ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर प्रकाशाने प्रत काढण्याची पद्धत शोधली. जेथे प्रकाश पडे तो भाग निळा होई आणि रेषा पांढऱ्या राहत. पुढे अमोनियाच्या वाफेने उमटणाऱ्या प्रती आल्या. आता नकाशे संगणकावर काढतात आणि रुंद कागदाच्या प्रिंटरवर छापतात. असा प्रिंटर निवडायचा तर काय पाहावे? थोडे भौतिकशास्त्र वापरले, की उत्तर सापडते.

पहिला प्रश्न रुंदीचा. ए० या आकाराचा कागद ८४१ × ११८९ मिलिमीटर असतो. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर १ चौरस मीटर भरते. तो मध्ये दुमडला की ए१, तो पुन्हा दुमडला की ए२, असे करत तुमच्या ओळखीचा ए४ येतो. म्हणजे एका ए० मध्ये १६ ए४ मावतात. २४ इंची (६१० मिलिमीटर) प्रिंटरवर ए१ छापता येतो. ए० साठी मात्र ३६ इंची (९१४ मिलिमीटर) यंत्र लागते. मोठा नकाशा लहान कागदावर छापून भागणार नाही का? ए१ चा नकाशा ए३ वर घेतला तर प्रत्येक लांबी निम्मी होते. १:१०० हे प्रमाण १:२०० होते. पण कोपऱ्यात मात्र १:१०० असेच छापलेले राहते! अशा कागदावर पट्टी ठेवून मोजणाऱ्याला ४ मीटरची खोली २ मीटरची वाटेल.

दुसरा प्रश्न बारकाव्याचा. जाहिरातीत ‘एका इंचात २४०० ठिपके’ असे आकडे ठळक छापलेले असतात. आपण हिशेब करू. एका इंचात ६०० ठिपके असले, तर दोन ठिपक्यांतील अंतर २५.४ ÷ ६०० म्हणजे सुमारे ०.०४ मिलिमीटर. नकाशातील ०.१८ मिलिमीटर जाडीच्या बारीक रेषेत असे चार ठिपके बसतात. हातात धरलेल्या कागदावर डोळ्याला सुमारे ०.१ मिलिमीटरहून बारीक भेद कळत नाही. तेव्हा रेषांच्या नकाशासाठी ६०० ठिपके पुरेसे आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा विचारायचा राहतो. छापलेली रेषा जितकी हवी तितकीच लांब आहे का? ठिपके बारीक असले म्हणजे लांबी अचूक असतेच असे नाही. शाई फवारणारे डोके कागदाच्या रुंदीवर इकडून तिकडे धावते. आपण कोठे आहोत हे ते रेघा आखलेल्या एका पट्टीवरून ओळखते. कागद मात्र रूळ पुढे ढकलतो. कागद जाड-पातळ असला किंवा किंचित घसरला, तर ही सरक चुकते. म्हणून कागद बदलला की यंत्राची जुळणी पुन्हा करावी लागते. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात रेषेची अचूकता साधारण ०.१ टक्का दिलेली असते. ११८९ मिलिमीटर लांबीवर ही चूक सुमारे १.२ मिलिमीटर होऊ शकते. १:१०० च्या नकाशात ती प्रत्यक्षात १२ सेंटिमीटर ठरते. साडेचार इंची भिंतीची जाडीही जवळपास एवढीच! म्हणूनच बांधकामावर एक नियम पाळतात: माप पट्टीने मोजायचे नाही, लिहिलेला आकडा वाचायचा. जाणते लोक नकाशावर मोजपट्टीही काढून ठेवतात. नकाशा लहान झाला, की तीही त्याच प्रमाणात लहान होते.

चौथा प्रश्न शाईचा. काही शायांमध्ये रंग पाण्यात विरघळलेला असतो, तर काहींमध्ये रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण तरंगत असतात. जुलैच्या पावसात उघड्यावर उलगडलेल्या नकाशावर थेंब पडले, की पहिल्या प्रकारच्या रेषा सहज पसरतात. तीनाचा आठ वाचला गेला तर काय होईल, याची कल्पना करा! कणांची शाई तंतूंना धरून राहते. काही मोठ्या यंत्रांत शाईऐवजी भुकटी असते. ती स्थिर विद्युतभाराने कागदावर खेचली जाते आणि उष्णतेने वितळून चिकटते. तीही पाण्याला दाद देत नाही. मात्र दमट हवेत कागद स्वतःच थोडा फुगतो, हे कोणतेच यंत्र थांबवू शकत नाही. जेथे माप बदलून चालत नाही, तेथे कागदाऐवजी पॉलिएस्टरची फिल्म वापरतात.

हे सारे तुम्हाला शाळेतही तपासता येईल. संगणकावर १८० मिलिमीटर बाजूचा चौरस काढा. ‘पानात बसवा’ ही सूचना बंद करून तो ए४ वर छापा. आता स्टीलच्या पट्टीने चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सुमारे २५४.६ मिलिमीटर भरला पाहिजे. दोन कर्ण असमान आले तर कागद तिरका सरकला असे समजा. आडव्या बाजू बरोबर आणि उभ्या चुकीच्या आल्या तर दोष कोठे असेल, ते तुम्हीच सांगा. शेवटी एका रेषेवर पाण्याचा थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि ओले बोट फिरवा. नवा प्रिंटर घेण्यापूर्वी दुकानात हीच परीक्षा मोठ्या कागदावर घ्यावी.