पडद्यावरचा रुग्ण पुरेसा नाही

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपये खर्चाच्या १५७ नव्या नर्सिंग महाविद्यालयांना मंजुरी दिली. त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका तयार होतील, असा सरकारचा अंदाज आहे. २०१४ पासून सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांलगतच ती उभारावीत, ही या निर्णयातील अट मला सर्वांत मोलाची वाटते. परिचर्या अखेर रुग्णाजवळच शिकता येते.

असे असले, तरी मी व्हिडिओ-आधारित सिम्युलेशनचा समर्थक आहे. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होणारी माता किंवा जन्मल्यावर न रडणारे अर्भक विद्यार्थिनीच्या पाळीत येईलच असे नाही. आले, तर तिला बाजूला उभे राहावे लागते, आणि ते योग्यही असते. अर्भकाला श्वास देण्यासाठी हाती जेमतेम एक मिनिट असते. तेथे शिकण्यास सवड नसते. चित्रफितीत मात्र तो क्षण थांबवता येतो. ‘आता पुढे काय?’ असे विचारता येते. विद्यार्थिनीने पुतळ्यावर केलेले उपचार चित्रित करून पुन्हा दाखवले, तर हात कधी धुतले नाहीत, सहकाऱ्याला हाक मारण्यास किती उशीर झाला, हे तिचे तिलाच दिसते. यातील खरे शिक्षण कॅमेऱ्यात नाही, तर नंतर शिक्षिकेबरोबर होणाऱ्या चर्चेत आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१-२२ पासून लागू केलेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्थान दिले, हे स्वागतार्हच आहे. माझी चिंता वेगळी आहे. मध्य प्रदेशात आवश्यक सुविधांविना चालणाऱ्या नर्सिंग महाविद्यालयांचा तपास उच्च न्यायालयाला सीबीआयकडे सोपवावा लागला. २०२४ मध्ये त्या तपासातील अधिकाऱ्यालाच लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली. रुग्णालय नसलेल्या अशा संस्थेच्या हाती पडदा आणि पुतळा दिला, तर तेथे रुग्णांची उणीव झाकली जाईल. शीर सापडेपर्यंत बोटांना होणारा स्पर्श किंवा घाबरलेल्या नातेवाइकाला त्याच्या बोलीत धीर देणे, हे चित्रफितीतून अंगी येत नाही.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. या आयोगाने प्रत्यक्ष वॉर्डातील तास आणि सिम्युलेशनचे तास स्वतंत्रपणे नोंदवावेत आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होऊ देऊ नये. तपासणीत यंत्रांइतकेच चर्चा घेणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिकांकडेही पाहावे. चित्रफिती भारतीय भाषांत असाव्यात. हे झाले नाही, तर पदव्यांची संख्या वाढेल. पण पहिल्या रात्रपाळीला एकटी उभी राहणारी परिचारिका तयारीविनाच वॉर्डात पाऊल टाकेल, आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागेल.