चावी एकच असेल तर सौदा अपुरा

वापरलेली गाडी घेताना आपण व्यापारी लोक टायर पाहतो, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, आरसी बुकावरचे साल वाचतो आणि भावासाठी घासाघीस करतो. चाव्या किती आहेत, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. आम्ही विचारले होते. पण जे उत्तर मिळाले त्यावर समाधान मानून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची किंमत २०२३ च्या लग्नसराईत आम्हाला मोजावी लागली. आपल्या बांधवांवर तशी वेळ येऊ नये म्हणून ही हकीकत सविस्तर सांगत आहोत.

मालेगावात आमचे साड्या आणि ड्रेस मटेरियलचे घाऊक दुकान आहे. धुळे, साक्री, शिरपूर या भागातील किरकोळ दुकानदारांना आम्ही माल पोहोचवतो. भाड्याच्या टेम्पोचा खर्च वाढत चालला, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून एक वापरलेली पेट्रोल व्हॅन घेतली. गाडी चांगली होती, भावही वाजवी होता. चावी मात्र एकच मिळाली. "दुसरी पहिल्या मालकाकडे राहिली आहे, आठ दिवसांत आणून देतो," असे तो म्हणाला. नावावर करण्याचे कागदही "आमचा माणूस आरटीओत लावतो" म्हणून त्याने स्वतःकडेच ठेवून घेतले. आम्ही पूर्ण रक्कम चुकती करून गाडी घरी आणली.

आठ दिवसांचे पाच महिने झाले. मध्यंतरी आम्ही बसस्टँडजवळच्या एका चावीवाल्याकडून दीडशे रुपयांत दुसरी चावी कापून घेतली. दाराला लावून पाहिली, दार उघडले. झाले, काम फत्ते, असे समजून ती चावी दुकानाच्या गल्ल्यात टाकून दिली.

धुळ्याच्या बाजारातील ती दुपार

मे महिन्यात धाकटा मुलगा माल घेऊन धुळ्याला गेला. एका दुकानी गाठी उतरवताना शर्टाच्या खिशातली चावी पडली आणि उघड्या गटारीत गेली. हात घालून, काठी घालून पाहिले, मिळाली नाही. आम्ही पुतण्याला गल्ल्यातली चावी देऊन मोटारसायकलवर पाठवले. पन्नास किलोमीटरचा रस्ता तापून तो पोहोचला. दार उघडले. स्टार्टर मारला, इंजिन क्षणभर चालू झाले आणि बंद पडले. दहा वेळा मारला, दहा वेळा तेच. मिस्त्री बोलावला. त्याने बॅटरीचे टर्मिनल घासले आणि पेट्रोलचा पंप खोलायला निघाला. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचे एक वयस्क मिस्त्री आले. काट्यांजवळ लुकलुकणारा चावीच्या आकाराचा लहानसा दिवा त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "बेटा, इंजिनाला काही झालेले नाही. तुझी चावी मुकी आहे."

गाडीत साक्रीच्या दोन दुकानांचा माल अडकला होता. त्यातल्या एकाच्या गिऱ्हाइकाकडे तिसऱ्या दिवशी हळद होती. भाड्याचा टेम्पो करून माल हलवला, वायदा पाळला. पण त्या फेरीचा नफा तिथेच गेला. गाडी ओढून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागली.

चावी मुकी म्हणजे काय?

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या चावीत तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक, धातूचे पाते. ते कुलूप फिरवते. दोन, रिमोटचे बटण. ते दाराचे लॉक दुरून उघडते आणि त्यासाठी लहान सेल लागतो. तीन, चिप. ही तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते आणि तिला सेल लागत नाही.

चावी घालायच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून निघणाऱ्या लहरी (बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या) चिपला जागे करण्यापुरती वीज देतात. जागी झालेली चिप आपला क्रमांक किंवा सांकेतिक उत्तर परत पाठवते. गाडीतील संगणक ते उत्तर आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळले तर इंजिन चालते. जुळले नाही तर पेट्रोल, ठिणगी किंवा स्टार्टर बंद ठेवला जातो. गोदामाचा पहारेकरी जसा माणसाचा चेहरा न पाहता चिठ्ठीचा नंबर पाहून माल सोडतो, तसाच हा प्रकार. आमच्या दीडशे रुपयांच्या चावीकडे पाते होते, चिठ्ठी नव्हती.

या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. गाडीच्या तारा जोडून चोरी करण्याचा जुना प्रकार थांबावा म्हणून ती आली. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. अर्थात मनुष्याने केलेले कोणतेही कुलूप अभेद्य नसते. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी त्या काळी लाखो गाड्यांत असलेल्या एका चिपचा ४० बिटांचा संकेत फोडून दाखवला. त्यानंतर चिपा अधिक पक्क्या झाल्या, आणि त्यांची नक्कल करणेही अधिक अवघड झाले.

नाव दुसऱ्याचे, चावी कोणाला?

वर्कशॉपमध्ये सांगण्यात आले की एकही चालू चावी नसल्याने चॅसिस नंबरावरून कंपनीकडे मागणी करावी लागेल. अंदाजे खर्च चौदा हजार, मुदत तीन आठवडे. आम्ही त्यालाही तयार झालो. तेव्हा काउंटरवरच्या माणसाने आरसी मागितली आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. आरसीवर अजून पहिल्याच मालकाचे नाव होते. "ज्यांचे नाव आहे त्यांचा अर्ज आणा," एवढे बोलून त्याने कागद परत केले. त्याचे काही चुकले नव्हते. आमच्यासारखा चेहरा करून गाडीचोरही येऊ शकतो.

व्यापाऱ्याला फोन केला तर तो आज-उद्या करू लागला. शेवटी आरसीवरचा पत्ता घेऊन आम्ही स्वतः सिन्नरला गेलो. पहिले मालक निवृत्त शिक्षक निघाले. आमचे बोलणे ऐकून ते उठले, कपाटाचा खण उघडला आणि दुसरी चावी आमच्या हातावर ठेवली. "ही माझ्याकडे कोणी मागितलीच नाही. उलट गाडी अजून माझ्या नावावर आहे, अपघात झाला तर कोर्टात मलाच उभे राहावे लागेल, या काळजीने मी दोनदा त्याच्याकडे जाऊन आलो," ते म्हणाले. पाच महिने दोन घरे काळजीत आणि चावी एका खणात! आम्ही पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्याबरोबर नाशिकला आले, व्यापाऱ्याकडून अडकलेले कागद काढून घेतले आणि अर्ज आरटीओत दाखल झाला. गाडी अकरा दिवसांनी जागची हलली.

कारागिराची खबरदारी

आता एकच चावी पुन्हा हाती होती. जादा चावी करून घेण्यासाठी आम्ही नाशिकमधील एका तरुण चावीवाल्याकडे गेलो. त्याचे वडील रस्त्याच्या कडेला बसून कानशीने चाव्या घासत. मुलाकडे कापण्याचे यंत्र, चिप वाचण्याचे यंत्र आणि गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण होते. त्यानेही आरसी मागितली. नाव अजून बदललेले नव्हते. आम्ही जरा चढ्या आवाजात म्हणालो, "पैसे देतो ना?" तो नम्रपणे म्हणाला, "चाचा, आज तुम्ही रागावून गेलात तर माझी एक चावी जाईल. उद्या चुकीच्या माणसाला दिली तर दुकान जाईल. कागद झाला की या." आम्ही शरमलो आणि परतलो. आरसी नावावर होऊन आली तेव्हा त्याच्याकडेच गेलो. त्याने आरसी आणि ओळखपत्राची नोंद रजिस्टरात केली, सही घेतली, अठ्ठावीसशे रुपये घेतले आणि पक्के बिल दिले.

त्याने समजावलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जादा चावी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात चालू चावीतल्या चिपची हुबेहूब नक्कल करतात. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. हे काम लवकर होते, पण हरवलेली चावी चालूच राहते. दुसऱ्या प्रकारात उपकरण जोडून नवी चिप गाडीच्या नोंदीत चढवतात. पुष्कळ गाड्यांत या वेळी जुन्या नोंदी पुसून हजर असलेल्या चाव्याच पुन्हा चढवता येतात. गटारीत गेलेली आमची चावी अशा रीतीने बाद झाली. मात्र तिचे पाते दार उघडू शकते, हे विसरू नये. पूर्ण निर्धोकपणा हवा असेल तर कुलूपही बदलावे लागते.

चावीच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी त्या तरुणाची रीत उचलण्यासारखी आहे. कानस गेली, यंत्र आले. पण गिऱ्हाइकाचा विश्वास हेच भांडवल राहिले. कागद पाहिल्याशिवाय चिपच्या चावीला हात लावू नये, रजिस्टर ठेवावे, बिल द्यावे. काही जण चिप काढून कुलपाजवळच्या वेटोळ्यापाशी कायमची चिकटवून देतात, म्हणजे साध्या चावीने गाडी चालते. हे गिऱ्हाइकाला स्वस्त पडते, पण पहारेकऱ्याला कायमचा झोपवण्यासारखे आहे. आणि ज्या गाडीची चावी कंपनीशिवाय होत नाही, तिच्याबद्दल तसे स्पष्ट सांगावे.

गाडी घेणाऱ्यांसाठी

आमच्या चुकीतून निघालेले धडे असे:

दोन्ही चाव्या हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चावी नसेल तर नवीन चावीचा खर्च लेखी कापून घ्यावा.

प्रत्येक चावीने दार नव्हे, इंजिन चालू करून पाहावे आणि काही मिनिटे चालू ठेवावे.

नव्या गाडीबरोबर चावीच्या नंबराची लहान पट्टी मिळते. पहिल्या मालकाकडे ती मागावी आणि गाडीत न ठेवता घरी ठेवावी.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की अर्ज स्वतः दाखल करावा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यावा. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

चावी हरवली तर पोलिसांत आणि विमा कंपनीत लेखी कळवून पोच ठेवावी. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात.

चावीचे प्लॅस्टिक तुटले तर कवच फेकण्यापूर्वी आतली चिप शोधावी. ती नव्या कवचात बसवली की चावी पुन्हा बोलते.

आज आमच्या व्हॅनची एक चावी मुलाच्या कमरेला साखळीने असते आणि दुसरी घरी तिजोरीत. महिन्यातून एकदा आम्ही तिजोरीतल्या चावीने गाडी चालू करून पाहतो. सिन्नरच्या गुरुजींना ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो. त्या सौद्यात आम्हाला खरा नफा झाला तो हाच.