रोज जीव तोडून पळू नका, दम असा वाढत नाही

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या मोहल्ल्यांतली पोरं फजरची नमाज पढून थेट किनाऱ्यावर पळायला जातात. चिवल्यापासून तारकर्लीपर्यंत हेच चित्र. चांगली गोष्ट आहे. पण मोबाईलवर ‘हाय इंटेन्सिटी’ कसरतीचे व्हिडिओ बघून कितीतरी जण रोजच जीव तोडून पळतात. पंधरा दिवसांत नडगी दुखते, मग गुडघा, आणि मैदानी चाचणीच्या दिवशी पाय साथ देत नाहीत. घरचे म्हणतात, पोरानं मेहनत कमी केली. आमचं म्हणणं उलट आहे. मेहनत जास्त झाली.

मुलांची चाचणी १६०० मीटरची, मुलींची ८०० मीटरची. अंतर छोटं वाटतं, पण १६०० मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात बरीचशी ऊर्जा प्राणवायूवरच तयार होते. म्हणजे ही दमाची परीक्षा. सड्यावर किंवा आंबोलीच्या घाटात पंधरा-वीस किलोमीटर पळणाऱ्याची तर आहेच.

दम दोन तऱ्हेच्या पळण्यानं वाढतो. गप्पा मारता येतील इतकं हळू पळालं की स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हाडं आणि शिरा मजबूत होतात. त्याला महिने लागतात. जोराचं पळणं हृदयावर काम करतं. एका ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकायला ते शिकतं. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली पद्धत सोपी आहे: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. जोरात म्हणजे धाप लागून दोन शब्दांपुढे बोलता येऊ नये इतकं, पण चौथ्या फेरीलाही तोच वेग टिकला पाहिजे. पहिल्याच फेरीत आडवे झालात तर हिशेब चुकला.

व्हिडिओतली वीस सेकंद जोर, दहा सेकंद आराम ही कसरत जपानच्या इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासातून आली. पण तो प्रयोग जागेवरच्या सायकलवर झाला होता, तिथं पाय जमिनीवर आदळत नव्हते. डांबरी रस्त्यावर तेच रोज करणं वेगळं. जगातले मोठे धावपटूसुद्धा दहापैकी साधारण आठ वेळा हळूच पळतात. आपल्या पोरांना आठवड्यातून एक, फार तर दोन जोराचे दिवस पुरेत, आणि मधे निदान एक दिवस सोडून.

जागा आपल्याकडे भरपूर आहे. चढावर कमी वेगातही हृदय धावायला लागतं आणि गुडघ्याला मार कमी बसतो, म्हणून जोराच्या फेऱ्या मसुऱ्याच्या भरतगडासारख्या चढावर घ्या. उतरताना मात्र चालत या, मांड्या उतारावरच फाटतात. मऊ वाळूत पळायला दीडपटीहून जास्त ताकद लागते, म्हणून हळू पळण्यासाठी सुकतीच्या वेळची ओली, घट्ट वाळू बरी. किनारा तिरका असतो; जितकं जाल तितकंच परत या, नाहीतर एकाच पायावर भार पडतो. सड्यावर जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं, पावसात दगडावर शेवाळ. अंधारात बॅटरी आणि बूट नसतील तर सड्यावर जाऊच नका.

आता रमजान. सध्या तो फेब्रुवारी-मार्चात येतो. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि रोज्यात पाणी भरून काढता येत नाही. तेव्हा रोजा असताना जोराच्या फेऱ्या नकोत. इफ्तारच्या आधी अर्धा तास हळू पळा, लगेच पाणी मिळतं. जोराचं पळायचंच असेल तर तरावीहनंतर, तेही निम्म्या फेऱ्या. सहरीला मीठ घातलेली पेज बिर्याणीपेक्षा उपयोगी. पळताना कुणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा: सावली, अंगावर पाणी, आणि ताबडतोब दवाखाना. जिवावर बेतल्यास रोजा सोडायची मुभा आहे, तो नंतर कजा करता येतो. हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर लाजेखातर ती बोलत नाहीत.

मुलींबद्दल घरोघरी कुरकुर होते. हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यात धावण्याची शर्यत झाल्याचं हदीसमध्ये आहे, पहिल्यांदा आयेशा (रजि.) जिंकल्या होत्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आपल्या मुलींना निदान ८०० मीटर तरी पळू द्या. दोघी-तिघी मिळून, सोबत घरचं कुणीतरी, ओल्या वाळूवर अर्धा तास. सलवार-कमीज घालून, ओढणी नीट बांधून पळता येतं. बूट मात्र तिच्या मापाचे घ्या, भावाचे जुने देऊ नका.