दांपत्यजीवनातील भावाविष्कार : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

स्त्री भावनाप्रधान व पुरुष संयमी, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की तो तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे : भावना असणे ही एक, आणि ती प्रकट करणे ही दुसरी. ॲन क्रिंग व आल्बर्ट गॉर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना भावनोद्दीपक चित्रपटांतील प्रसंग दाखवून केलेले निरीक्षण १९९८ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थिनींच्या चेहऱ्यांवर भाव अधिक उमटले. मात्र अनुभवलेल्या भावनेविषयी उभयतांनी जे सांगितले, त्यात तसा भेद आढळला नाही.

मग भेद येतो कोठून ? शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील ग्रामजीवनाकडे पाहता याचे एक उत्तर सुचते. समाजाने स्त्रीस व पुरुषास भावना बोलून दाखविण्याच्या वेगवेगळ्या जागा नेमून दिल्या. स्त्रीची जागा जात्यापाशी होती. सासुरवास, माहेरची ओढ, पतीविषयीचा रुसवा हे सारे ती पहाटेच्या ओवीत सांगे. पण ऐकणारे जाते, आणि फार तर दळणास बसलेली जाऊ. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभर लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, यावरून या आविष्काराची व्याप्ती ध्यानी येईल. पुरुषाची जागा भजनाची. तेथे तो चारचौघांत गातो, परंतु विरहाची आर्तता गाताना विराणीतील किंवा गौळणीतील स्त्रीचा आवाज उसना घेतो. तात्पर्य, स्त्री स्वतःच्या आवाजात बोलली, पण आडोशाने. पुरुष उघड बोलला, पण दुसऱ्याच्या आवाजात. जिने पतीचे नावही उखाण्यातच घ्यावे, तिला त्याच्याशी समोरासमोर मन मोकळे करण्याची रीत परंपरेने क्वचितच शिकविली, त्यालाही नाही.

पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. कष्ट गेले हे इष्टच झाले. तथापि त्यासोबत ओवीची जागाही गेली.

येथे आणखी एका संशोधनाची दखल घेणे अगत्याचे आहे. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन व ख्रिस्तोफर हीवी यांनी १९९० साली दाखविले की, पत्नीला हवा असलेला बदल चर्चेस आला म्हणजे ती आग्रह धरते व पती माघार घेतो, हा प्रकार ठळकपणे दिसतो. पतीला हवा असलेला बदल चर्चेस असता हा भेद जवळजवळ मावळतो. म्हणजे मौन हा केवळ पुरुषाचा स्वभाव नव्हे; चालू व्यवस्था ज्याच्या सोयीची, त्याला गप्प बसणे परवडते. या भागातून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचे उदाहरण घ्यावे. काम दोघे करतात, हिशोब मात्र बहुधा पुरुषाच्या हाती असतो. उचलीचे पैसे कोठे गेले, हे विचारण्याची पाळी अशा वेळी पत्नीवर येते. तिला ‘भांडखोर’ व त्याला ‘शांत’ म्हणणारा निरीक्षक स्वभावाचे नव्हे, अधिकाराचे वर्णन करीत असतो.

या विषयात क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून दोन पथ्ये पाळावीत. सासूसमोर सुनेस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे तिच्या मनाचे उत्तर समजू नये. आणि पुरुषाच्या मौनाची नोंद ‘भावनेचा अभाव’ अशी करू नये. प्रश्न कोणाचा होता व बदल कोणास हवा होता, हे प्रथम टिपावे.